जांभयांचं दालन

टॅकेट गुहा, मिझुरी
१४ मार्च १९५४

प्रिय नेवा,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं होतं. उत्तर द्यायला मार्च उजाडला, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच.

गेल्या आठवड्यात आपल्या फाटकाशी एक गाडी थांबली. नवरा-बायको आणि मागे तीन पोरं. कॅलिफोर्निया बघून ओहायोला परत चालले होते. मागच्या काचेवर ठिकठिकाणची चिकटवायची चित्रं, तुझी ती डेकलं, इतकी की पोरांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी मोजली. तेरा! मोठी दरी, रंगीत वाळवंट, सापांची बाग, आणि आपल्यापासून चाळीस मैलांवरची ती दुसरी गुहासुद्धा. मी म्हटलं, "साहेब, आमचीही गुहा आहे, उतरा की." तर म्हणतो, "तुमचं डेकल आहे का?" म्हटलं, नाही. "मग इथे आलो होतो असं घरी गेल्यावर कोण मानणार?" आणि गाडी सुरू केली.

पंधरा वर्षं तू शिकागोत बसून अख्ख्या देशाची डेकलं रंगवतेस, आणि सख्ख्या भावाच्या गुहेचं एकही नाही. काय म्हणावं याला?

आता खरी बातमी. वरच्या खोलीच्या टोकाला बाबांनी बांधलेली दगडी भिंत आठवते? या हिवाळ्यात मी ती फोडली. पलीकडे उतार आहे, त्यात एकोणीस पायऱ्या खोदल्या, आणि खाली काय निघालं म्हणून सांगू! चर्चएवढं दालन. मधोमध तळं, पाणी असं की हात घालेपर्यंत ते आहे हे कळत नाही. बाबा जन्मभर लोकांना वरच्या दोन खोल्या दाखवत बसले, आणि पायाखाली हे होतं. मी विजेचे दिवे खालपर्यंत ओढलेत. आल्टा खाली उतरली तेव्हा पाच मिनिटं काही बोलली नाही. माझ्या बायकोला तू ओळखतेस, तेव्हा दालन केवढं असेल याचा अंदाज कर.

मेच्या सुरुवातीला हंगाम सुरू होईल. तळ्याचं एक झकास चित्र काढून दे.

तुझा,
ऑर्विल


शिकागो
२३ मार्च १९५४

प्रिय ऑर्विल,

चित्र काढते. पण एवढ्याशा वर्णनावरून नाही. तळ्याचा आकार, छतावरून लोंबणाऱ्या दगडांचे रंग, सगळं नीट लिहून पाठव. आमच्याकडे एकेक रंग वेगळ्या जाळीतून कागदावर उतरवतात, म्हणून चारच्या वर रंग मागू नकोस. आणि गिऱ्हाइकांना सांग, डेकल कोमट पाण्यात अर्धं मिनिट ठेवायचं, सुटलं की अलगद काचेवर सरकवायचं. लोक चोळतात आणि मग आम्हाला शिव्या देतात.

भिंत फोडलीस हे वाचून मात्र चमकले. ती बांधली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी चौदाची. बाबांनी एकट्याने आठ दिवसांत बांधली. मी दगड द्यायला गेले तर ओरडले, "लांब राहा." मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, छत कच्चं आहे. तू छत कुणाला तरी दाखवून घेतलंस ना?

आल्टाला प्रेम.

नेवा


टॅकेट गुहा
३० मे १९५४

प्रिय नेवा,

छत बाबांच्या डोक्यापेक्षा पक्कं आहे. दोन जणांना दाखवलं. काळजी सोड.

तुझं तळ्याचं डेकल सुंदर आहे, पण खरं सांगू? विकलं जात नाही. तळी सगळ्यांकडेच असतात. मात्र देवाने मला दुसरीच गंमत हातात दिलीय. खालच्या दालनात लोकांना जांभया येतात!

हसू नकोस. आल्टा तळ्याची गोष्ट सांगत असते आणि एकेक जण सुरू होतो. एकाने दिली की दुसरा देतो, मग सगळेच. पहिल्यांदा आल्टा चिडली. तिला वाटलं, आपली गोष्ट कंटाळवाणी आहे. पण वर आल्यावर लोक खो खो हसतात, एकमेकांना विचारतात, "तुला किती आल्या?" लहान पोरांना आधी येतात. काल एक चार वर्षांची पोरगी तळ्याच्या काठावर बसल्या बसल्या झोपली. आईने खांद्यावर घेतली तर लगेच टकमक बघायला लागली.

मी पाटी रंगवून लावली, 'जांभयांचं दालन.' नवं डेकल असं हवं: रात्रीची टोपी घातलेलं अस्वल, आ वासलेलं, आणि खाली 'मी टॅकेट गुहेत जांभई दिली!' दोन हजार पाठव. लवकर.

ऑर्विल


शिकागो
८ जून १९५४

प्रिय ऑर्विल,

अस्वल काढताना मलाच इतक्या जांभया आल्या की शेजारच्या टेबलावरची बाई विचारायला लागली, रात्री कुठे होतीस. आमच्या मुकादमाने चित्र बघितलं आणि या कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदा त्याचे दात दिसले. टोपी लाल केलीय, गोंडा पिवळा. गाडी धुळीने कितीही माखली तरी मागच्याला दिसेल.

दोन हजार परवा निघतील. तू शाळेत कधी गणित धड केलं नाहीस, पण धंद्याची अक्कल तुला आहे हे आज कबूल करते. बाबा असते तर नाक मुरडलं असतं आणि मग गुपचूप एक डेकल स्वतःच्या गाडीला लावलं असतं.

पण पोरांनाच आधी जांभया का रे येतात?

नेवा


टॅकेट गुहा
५ जुलै १९५४

प्रिय नेवा,

तुझ्या अस्वलाने कमाल केली! माणसं दुसऱ्या राज्यातून, पार टल्सा शहरापासून येताहेत. कशी, तर पुढच्या गाडीच्या काचेवर अस्वल बघतात आणि पोरं मागून ओरडायला लागतात. काल, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग पार दगडी पुलापर्यंत गेली. चाळीस मैलांवरचा तो गुहावाला स्वतः येऊन बघून गेला. तिकीट काढून आला लेकाचा! मी त्याला डेकल फुकट दिलं.

आल्टा दिवसातून सहा फेऱ्या करते. डोकं दुखतं म्हणून कुरकुर चालू असते. संध्याकाळी ओला फडका कपाळावर टाकून पडून राहते. ऊन फार आहे यंदा. कुत्र्याचं म्हणशील तर तो पहिल्या पायरीवर बसतो आणि खाली चल म्हटलं की दात दाखवतो. म्हातारा झाला.

काल एक धिप्पाड माणूस बुटाची नाडी बांधायला तळ्यापाशी वाकला, तो तसाच बसला. दोघांनी बगलेत हात घालून उभा केला तर म्हणतो, "मी झोपलो होतो का?" अख्खं दालन हसून लोटपोट. त्याने सहा डेकलं घेतली!

पाच हजार पाठव.

ऑर्विल


शिकागो
९ जुलै १९५४

ऑर्विल,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुटीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्याकडे सिमान्स्की म्हणून रंग कालवणारा एक पोलिश माणूस आहे. इथे यायच्या आधी चौदा वर्षं कोळशाच्या खाणीत होता. सगळे हसत होते आणि त्याने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. मला तीन गोष्टी विचारल्या. पोरांना आधी होतं? उचलून घेतलं की बरं वाटतं? आणि कुत्रा जात नाही?

मी तिन्हीला हो म्हटलं.

तो म्हणाला, "बाई, ती झोप नाही." खोल जागेत एक जड हवा साठते. तिला वास नाही, रंग नाही. पाण्यासारखी खालून वर भरत येते. जो बुटका तो आधी बुडतो. उन्हाळा सरत येतो तशी ती वाढते. त्याने या हवेत माणसं गेलेली बघितलीत. तो म्हणतो, मेणबत्ती पेटवून खाली जा आणि हळूहळू जमिनीपर्यंत ने. जिथे विझेल तिथपर्यंत मरण उभं आहे.

आणि ऑर्विल, मला आता एक गोष्ट आठवलीय. भिंत बांधायच्या आदल्या दिवशी बाबा एक कोंबडी पिशवीत घालून गुहेत गेले होते. आई ओरडली, अंडी देणारी कोंबडी कुठे नेता म्हणून. परत आले तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती. अंगावर जखम नव्हती. आईने ती शिजवायला मागितली तर त्यांनी ती पुरून टाकली. दुसऱ्या दिवसापासून दगड रचायला लागले. छत वगैरे काही नव्हतं रे. आपण पोरं खाली जाऊन बघू म्हणून त्यांनी छताचं सांगितलं.

मेणबत्ती ने. मला खरं काय ते कळव. तोवर एकही डेकल छापणार नाही.

नेवा


टॅकेट गुहा
१९ जुलै १९५४

प्रिय नेवा,

नेली मेणबत्ती. तुझ्या पोलिश साहेबांना सलाम सांग आणि हेही सांग की ती चर्चच्या वेदीवर जळावी तशी जळत होती. मी तळ्याच्या काठावर दहा मिनिटं उभा होतो. मेण बोटावर सांडलं तेवढाच काय तो अपघात.

आता माझं ऐक. पंधरा वर्षांपूर्वी तू बस पकडून गेलीस. मी गेलो नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना उचलून बसवायला मी होतो. मरायच्या आधी आठ दिवस ते मला म्हणाले, "गुहा तुझ्याने व्हायची नाही. विकून टाक." आज त्या गुहेपुढे रांग लागते आणि तू मला कोंबडीची गोष्ट सांगतेस! त्या कोंबडीला रोग झाला असेल.

लोक खूश आहेत. आजवर एकाला साधा ओरखडाही उठलेला नाही. आणि ५ सप्टेंबरच्या रविवारी, सोमवारच्या कामगार दिनाच्या सुटीच्या आदल्या दिवशी, खालच्या दालनात जेवण आणि नाच ठेवलाय. दोनशे माणसं, तळ्याकाठी वाजंत्री. आजूबाजूच्या तीन गावांत पाट्या लागल्यात.

डेकलं तुझ्याकडून होणार नसतील तर सांग. छापणारे दुसरेही आहेत.

ऑर्विल


शिकागो
२४ जुलै १९५४

प्रिय ऑर्विल,

मेणबत्ती जळाली, मग माझं काही म्हणणं नाही. सिमान्स्कीला सांगितलं तर तो फक्त खांदे उडवून रंग ढवळायला लागला. खाणीत इतकी वर्षं काढली की माणसाला सगळीकडे खाणच दिसत असेल.

बाबा तुला असं म्हणाले हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं. मी गेले हे खरं आहे.

पाच हजार सोमवारी निघतील. रागावू नकोस.

नेवा


टॅकेट गुहा
१७ ऑगस्ट १९५४

नेवा ताई,

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ऑर्विल बाजाराला गेलाय तेवढ्यात लिहितेय. माझं अक्षर चांगलं नाही, सांभाळून घ्या.

तो तुम्हाला मेणबत्तीबद्दल खोटं बोलला. म्हणजे अगदी खोटंही नाही. मेणबत्ती जळत होती, पण त्याने ती छातीशी धरली होती. मी शेजारी होते. म्हटलं, खाली ने. म्हणाला, "नेवाने शेवटी एवढंच लिहिलंय, मेणबत्ती ने. नेली की." मग तो वर गेल्यावर मी एकटीने नेली. गुडघ्यापाशी विझली. परत पेटवली, परत तिथेच विझली. कुणीतरी चिमटीत धरावी तशी.

तेव्हापासून मी दर सोमवारी बघते. या सोमवारी कमरेपाशी विझली.

मी त्याला नेऊन दाखवलं. डोळ्यांनी बघितलं त्याने. म्हणाला, "माणसाचं नाक कमरेत असतं का?" दुसऱ्या दिवशी खालची बाकं त्याने उचलून आणली, कुणी बसू नये म्हणून. फाटकावर पाटी लावली की पोरांना खांद्यावर घ्या, वरून तळं छान दिसतं. आता बाप लोक पोरांना खांद्यावर घेऊन हसत हसत उतरतात आणि मी पुढे दिवा धरून चालते. गोष्ट सांगताना माझा आवाज कापतो. त्यांना वाटतं, तोही खेळाचाच भाग आहे.

ताई, तो वाईट माणूस नाही. संध्याकाळी माझं डोकं चेपून देतो. कामगार दिन होऊ दे, मग हंगाम संपला, मग बघू, असं म्हणतो. पण त्या रविवारी दोनशे माणसं बसून जेवणार आहेत. पोरं असतील. आणि पाऊस यायच्या आधी आभाळ दाबून येतं ना, त्या दिवशी हवा जास्त चढते हे मी बघितलंय.

तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही काहीही लिहा, पण माझं नाव घेऊ नका. तुम्ही येऊ शकलात तर फारच बरं.

आल्टा


शिकागो
२१ ऑगस्ट १९५४

ऑर्विल,

तू मेणबत्ती छातीशी धरलीस. जमिनीपर्यंत नेली असतीस तर काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. जुलैत गुडघ्यापर्यंत होतं, आता कमरेपर्यंत आलंय. बाकं का उचललीस? पोरांना खांद्यावर का घ्यायला लावतोस? तू इतकी काळजी घेतोस याचाच अर्थ तुला सगळं माहीत आहे.

५ तारखेचं जेवण रद्द कर. दालन बंद कर. पुढच्या शनिवारपर्यंत तुझं तसं पत्र आलं नाही, तर मी राज्याच्या खाण तपासनिसाला लिहीन. मी तुझी बहीण आहे म्हणून तुला आठवडा देतेय. दुसऱ्या कुणाला दिला नसता.

बाबांचं बोलणं खोटं पाडायला दोनशे माणसं लागत नाहीत रे.

नेवा


खालचं दालन
२८ ऑगस्ट १९५४, शनिवार, दुपारी २ वाजून १० मिनिटं

प्रिय नेवा,

कमरेपर्यंत. हे कमरेचं गणित माझ्याशिवाय या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. म्हणजे माझी बायको माझ्या पाठीमागे तुला पत्रं लिहिते. काल तिला विचारलं तर तिने कबूल केलं. रात्रीपासून आम्ही बोललेलो नाही.

असो. तुला पुरावा हवा ना? घे. हे पत्र मी तळ्याकाठी स्टुलावर बसून लिहितोय. दिवे लखलख चालू आहेत. सोबत कॉफीचा थर्मास आहे आणि बाबांचं घड्याळ. बरोबर एक तास बसणार, पत्र पुरं करणार आणि वर जाऊन टपालपेटीत टाकणार. हे हातात पडलं की समजून जा, तुझा भाऊ शहाणा होता. तपासनिसालाही दाखव.

वर उकाडा मरणाचा आहे. आभाळ भरून आलंय, पडत मात्र नाही. खाली इतकं गार आहे की वाटतं, इथेच बिऱ्हाड करावं.

२-२०. एक जांभई. लिहून ठेवतो, म्हणजे लपवलं असं म्हणायला नको.

२-३०. श्वास जरा भरून येतोय. पायऱ्या उतरून आलो म्हणून असेल. कॉफी घेतली. तुला एक सांगायचं राहिलं. तू गेलीस त्या दिवशी मी फाट्यापर्यंत बसच्या मागे पळत आलो होतो. तू मागे बघितलं नाहीस. मी हे कुणाला सांगितलं नाही. आल्टालाही नाही.

२-४०. डोकं जड झालंय. आल्टाचं असंच होत असेल. तिला कसा होतो हा त्रास ते आज कळलं. वर गेलो की तिच्याशी बोलेन. चूक माझी आहे असं म्हणेन. जेवणाचंही बघू. वरच्या खोलीत टेबलं मावतील कदाचित.

तळं छान दिसतंय. तळं फार छान दिसतंय. पेन खाली पडलं होतं, उचललं. वाकून उचललं. नेवा, मला आता एवढंच


शिकागो
३१ ऑगस्ट १९५४

प्रिय आल्टा,

शनिवार उलटला आणि ऑर्विलचं उत्तर नाही. तो रागात असला की महिनाभर लिहीत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तू दोन ओळी टाक. तुझं नाव मी घेतलं नाही.

तपासनिसाला पत्र लिहून ठेवलंय. अजून पेटीत टाकलेलं नाही. गुरुवारपर्यंत वाट बघते. सख्ख्या भावाच्या विरोधातलं पत्र टाकायला हात धजत नाही.

नेवा


टॅकेट गुहा
१६ सप्टेंबर १९५४

नेवा,

सोबतचा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडला. मी तो अर्धवट लिहिलाय. मला शेवटच्या ओळी लिहिल्याचं किंवा कागद खिशात घातल्याचं आठवत नाही. तू तो आधी वाच, मग हे वाच.

आल्टा गेली. २८ ऑगस्टला, शनिवारी.

मला इस्पितळात चौथ्या दिवशी शुद्ध आली. डॉक्टरने विचारलं, तार कुणाला करायची? मी म्हटलं, कुणालाच नाही. आल्टाचे भाऊ आर्कान्सातून आले आणि तिला घेऊन गेले. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. तिला माती दिली तेव्हा मी खाटेवर होतो. तुला मी कळवू दिलं नाही, कारण ही गोष्ट तुला परक्या माणसाच्या दहा शब्दांत कळावी असं मला वाटत नव्हतं. आणि दुसरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती.

होमर बर्फवाल्याने मला सांगितलं ते सांगतो. तो तीनच्या सुमाराला बर्फ टाकायला आला. घरी कुणी नव्हतं. दोरीवर अर्धे कपडे वाळत घातलेले, टोपली तशीच खाली. कुत्रा गुहेच्या तोंडाशी भुंकत होता. होमर आत गेला, हाका मारल्या. पायऱ्यांवरून त्याने खाली वाकून बघितलं तेव्हा त्याला आम्ही दिसलो. माझं डोकं बाराव्या पायरीवर होतं. माझे पाय खालच्या पायऱ्यांवर. आणि त्या पायांच्या खाली आल्टा होती. तिचे दोन्ही हात माझ्या पोटऱ्यांना टेकलेले होते.

म्हणजे तिने मला तळ्यापासून ओढत पायऱ्यांपर्यंत आणलं, आणि पायऱ्यांवर वरून ओढता येईना म्हणून खाली जाऊन ढकललं. नेवा, ती माझ्या खांद्याला लागायची. माझं वजन दोनशे पौंड आहे. डॉक्टर म्हणतो, तिने श्वास रोखून चार-पाच खेपा केल्या असतील. वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली जायचं. शेवटच्या खेपेला तिने मला सोडून दिलं असतं तर ती वाचली असती. होमर तिथे पोचला तेव्हा माझं नाक त्या जड हवेच्या वर होतं आणि तिचं खाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती त्या दिवशी. कपडे वाळत घालताना तिला मी कुठे दिसलो नाही आणि ती शोधायला आली. आम्ही भांडलेलो असताना आली.

मला मेपासून ठाऊक होतं. तू जुलैत लिहिलंस, त्याच्या आधीपासून. तो पहिला पोरगा झोपला ना, त्याच दिवशी मी काडी पेटवून खाली धरली होती. घोट्यापाशी विझली. मी ती काडी तळ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी तुला अस्वलाबद्दल लिहिलं. पोरगी होती ती. मी पोरगा म्हटलं का? माझं असं होतं आता. शब्द इकडचे तिकडे होतात. डावा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतो, इतपत राहील.

५ तारखेला दोनशे माणसं आली. जेवण होणार नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. होमर फाटकावर उभा राहिला. बरेच जण टोप्या काढून परत गेले. काही जणांनी विचारलं, एवढ्या लांबून आलोय, निदान डेकल तरी द्या. होमर साधा माणूस आहे. त्याने खोकं उघडून दिलं. त्या दिवशी जे कधी खाली उतरले नाहीत, त्यांच्या गाड्यांवर अस्वल गेलं.

शेरीफ येऊन गेला. त्याने मला विचारलं, हवा वाईट आहे हे तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हटलं. त्याने लिहून घेतलं. पुढे काय होतं ते होऊ दे. मी नाही म्हणणार नव्हतो.

बाबांचे दगड अजून वरच्या खोलीत ढिगाने पडलेत. भिंत परत बांधायचीय. तीनदा गेलो. पहिला दगड उचलतो आणि पायऱ्यांकडे नजर जाते. मग बाहेर येऊन बसतो.

तू येऊ नकोस, मी काही मागत नाही. तुला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

ऑर्विल


शिकागो
२० सप्टेंबर १९५४

ऑर्विल,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी ते कारखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. सिमान्स्की शेजारी येऊन बसला.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. ती आहे. तू जन्मभर ती घेऊन चालशील आणि मी तुला ती खाली ठेवायला सांगणार नाही. तू ठेवलीस तर मला तुझा राग येईल.

पण तू एकटा नाहीस. मला ९ जुलैला कळलं होतं. तू मेणबत्ती जळाली म्हणालास आणि मी मानलं, कारण मानणं सोपं होतं. तुझ्या आवाजातला खोटेपणा मी तू सहा वर्षांचा असल्यापासून ओळखते. तरी पाच हजार छापून पाठवली. आल्टाने लिहिलं, येऊ शकलात तर बरं. त्यावर मी काय केलं? टेबलाशी बसले आणि तुला पत्र लिहिलं. तिने सांगितलं होतं, नाव घेऊ नका. मी नाव घेतलं नाही, पण तिची कंबर लिहिली. त्या एका शब्दावरून तुमचं भांडण झालं. गुरुवार उलटला, पाच तारीखही उलटली, तरी तपासनिसाचं पत्र अजून माझ्या खणात आहे, तिकीट लावून. तिचं शेवटचं पत्र त्याच्याखाली आहे. मी तिच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी तिला लिहीत होते की दोन ओळी टाक.

शेरीफ मला विचारेल तर मीही सांगेन. मी काय छापलं आणि कोणत्या तारखेला मला काय ठाऊक होतं, ते सगळं.

भिंत तू एकट्याने बांधू नकोस. बाबांनी एकट्याने बांधली आणि कुणाला काही सांगितलं नाही, त्यातूनच हे सगळं झालं. आपण दोघं बांधू. आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहू की आत काय आहे आणि कोण गेलं. अक्षरं मी काढीन. मग आर्कान्साला जाऊ. आल्टाचे भाऊ दार उघडणार नाहीत, तरी जाऊ.

कारखान्यात रजा मागितली नाही. ब्रश धुऊन मुकादमाच्या टेबलावर ठेवले आणि निघाले.

बुधवारी सकाळी सहाची बस आहे. अंधार पडायच्या आधी फाट्यावर उतरेन. घ्यायला येऊ नकोस, तिथून मी चालत येईन. एका दिवसाचा तर रस्ता आहे, ऑर्विल. सहाची बस रोज असते. जुलैतही होती.

नेवा